मालक जेवलं का?

नऊ वर्षं संयोगिता सासूला प्रत्येक जेवणाला एकच खोटं सांगत आली. बनुबाई ताटाला हात न लावता विचारायच्या, "मालक जेवलं का?"

"जेवलं, आत्या. तुमी घ्या."

मगच त्या खायच्या. सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण बनुबाईंच्या डोक्यातून ते मरण पुसलं गेलं होतं. त्यांनी हट्टानं हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, तेव्हा शेजारणी संयोगितालाच बोलल्या, "तुला तरी कळाय पायजे व्हतं."

नवरा मिलिटरीत, नणंद नुसती फोनवर. या नऊ वर्षांत संयोगितानं शिराळ्याला माहेरी पंचमी पाहिली नव्हती. यंदा पाटणला म्हाताऱ्या माणसांना आठ दिवस सांभाळणारं केंद्र निघालं. तिथल्या फॉर्मवर तिनं सगळं लिहिलं: भाकरी दुधात कुस्करायची, दोन तासांनी कूस बदलायची, उजव्या कानानं ऐकू येत नाही. 'पती' या रकान्यात लिहिलं, 'मयत'. रोजचं खोटं मात्र लिहायचं सुचलंच नाही. ते खोटं आहे हेच ती विसरून गेली होती.

माहेरी पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. "वन्सं, झोका खेळाय आलाय का झोपा काढाय?" भावजय म्हणाली. पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं हातभर मेंदी काढून घेतली. पंचमीला पुरणाची दिंडं ताटात पडली आणि फोन वाजला.

"ताई, आजींनी कालपासून काही खाल्लं नाही." केंद्रातली पूजा रडत होती. "मालक जेवले का विचारत होत्या. आधी मी नुसतं हो म्हणायचे, काल फॉर्म बघून खरं ते सांगितलं."

भावजयीनं दिंडं डब्यात भरून दिली. संयोगिता मिळेल त्या एसटीनं पाटणला पोचली.

बनुबाई कॉटवर बसल्या होत्या. बांगड्या काढून उशाशी ठेवलेल्या.

"मालक जेवलं, आत्या," संयोगिता म्हणाली.

बनुबाईंनी तिचा हात धरला. "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय, बाय? मालक गेलं."

विधवेला पहिला घास तिच्या माहेरची माणसं भरवतात, कडू घास म्हणतात त्याला. त्याआधी ती काही खात नाही. संयोगितानं डबा उघडला.

"आत्या, म्हायेरास्नं कडू घास आलाय."

बनुबाईंनी तोंड उघडलं. गोड पुरण त्या डोळे मिटून, मोठ्या कष्टानं गिळत राहिल्या.

"ताई, अजून चार दिवस आहेत तुमचे," पूजा दारातून म्हणाली. "जाऊन या की."

बनुबाईंनी सुनेचा मेंदीचा हात उलटा करून पाहिला. "ही पुस आदी. घरात सुतक हाय."

"व्हय, आत्या," संयोगिता म्हणाली आणि हात धुवायला उठली.