मामांची फ्रान्समधली वाडी

दारूच्या थेंबाला जन्मात न शिवलेला आणि तरीही एका दारूचं नाव काढताच आनंदाने जागच्या जागी उड्या मारणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, तो बोरिवलीला राहायचा आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे! आणि दारू म्हणजे कुठलीही नाही हं. फ्रान्समध्ये दोन नद्या मिळतात त्या बाजूला, एका टेकडीवर जुनी इस्टेट आहे. तिथे जगातली सगळ्यात गोड आणि सगळ्यात नखरेल वाइन होते. मामांची आणि तिची गाठ पडली ती रद्दीच्या दुकानात. विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या ह्या गृहस्थाने एकदा एक जुनं विलायती मासिक उचलून आणलं, त्यातली चार रंगीत पानं वाचली, आणि त्या दिवसापासून मामा देहाने बोरिवलीत आणि मनाने फ्रान्समध्ये राहू लागले. इस्टेटीचं नाव ते दर वेळी नव्या तऱ्हेने उच्चारायचे, म्हणून आम्ही सगळे सरळ 'मामांची वाडी' म्हणायचो. तेही खुशाल म्हणायचे. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे झाडं दिसली की ती वाडी, मग ती कुठल्या का देशात असेना.

लग्नानंतर आम्ही जोडीने पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, द्राक्षाला बुरशी लागली तर काय कराल?"

"फेकून देईन," मी म्हटलं.

"हरलात!" मामा इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातली पोह्यांची बशी हलली. मग सुरू झालं. पहाटे नदीवरून धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि त्या ऊबदार ओलाव्यात मण्यांवर एक खास बुरशी धरते. ती मण्यातलं पाणी शोषून घेते, साखर मागे ठेवते. मणी सुकून, काळा पडून, अगदी बघवत नाही असा होतो, आणि तोच खरा! मजूर बायाबापड्या एकेक मणी वेचतात. जो सुकला तो घ्यायचा, बाकीचा घड तसाच वेलीवर. आठवड्याने पुन्हा फेरी. मग पुन्हा. "आणि अख्ख्या वेलीचा एक पेला होतो, जावईबापू! एक पेला!" असं म्हणून त्यांनी माझा खांदा असा काही गदगदा हलवला, की उरलेले पोहे माझ्या नव्या पँटवर सांडले. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मीही विचारलं, "मग पुढे?"

पुढे लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवणं होतं, आणि त्याहीपुढे बाईसाहेब होत्या. बाईसाहेब म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची त्या इस्टेटीची मालकीण. ऐन विशीत विधवा झाली, फ्रान्सच्या राज्यक्रांतीत तुरुंगात गेली, सुटून आली आणि पदर खोचून वाडी उभी केली. पदर ही मामांची भर. मामा तिच्याबद्दल असं बोलायचे, जणू ती त्यांची वेंगुर्ल्याची आत्या. "बाईसाहेबांनी काय सोसलंय, तुम्हांला काय कल्पना!" असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीवर वाद चालू असताना म्हणाले होते. सेक्रेटरीने ते मिनिट्समध्येसुद्धा घेतलं, बिचारा नवीन होता.

बरं, नुसतं बोलून थांबतील तर ते मामा कसले! वाडीचे सगळे कायदे त्यांनी बोरिवलीत लागू केले. गवार आणायला गेले की शेंग शेंग निवडून मूठभर घ्यायचे आणि घरी यायचे. संध्याकाळी दुसरी फेरी. भाजीवाली शेवटी वैतागली. "ओ काका, गवार घ्यायचीय की सून बघायचीय?" मामा खूश! वाडीच्या लोकांचा आणखी एक नियम होता, की ज्या वर्षी पीक मनासारखं येत नाही त्या वर्षी वाइन करायचीच नाही, नुकसान झालं तरी चालेल. एका दिवाळीत मामींची चकली जराशी मऊ पडली. मामांनी दारोदार जाऊन अभिमानाने जाहीर केलं, "यंदा आमच्याकडे चकली नाही. दर्जा साधला नाही." मामी पाडव्यापर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. थंडीत नॅशनल पार्कच्या बाजूने धुकं उतरलं की मफलर गुंडाळून, पहिली बस पकडून मामा आमच्या दिंडोशीच्या घरी हजर. रविवारी सकाळी दार उघडावं तर समोर मामा, नाक लाल, डोळे चमकताहेत. "धुकं पडलंय! चला, उठा!" उठून करायचं काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आम्ही उठायचो, चहा करायचो आणि खिडकीत उभे राहून धुकं बघायचो. मजा यायची, अगदी खरं!

एकदा त्यांनी खिडकीत द्राक्षांचा घड ओल्या फडक्याखाली ठेवला आणि बुरशीची वाट पाहत बसले. बुरशी आली, चिलटंही आली. मामींनी घड उचलला आणि कचऱ्यात टाकला.

"अगं, सोनं फेकलंस!"

"सोन्याला वास येत नाही. आणि उद्या पलंगाखाली फणस कुजवाल, तेव्हा मी माहेरी जाईन, सांगून ठेवते."

मामींनी त्यांचं बोलणं लक्ष देऊन ऐकणं लग्नानंतर लवकरच सोडलं होतं. काम करताकरता अधूनमधून कानांवर पडेल तेवढंच. ह्या अर्धवट ऐकण्याने पुढे घात केला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वेड, तर मग ह्या माणसाने कधी प्यायली का नाही? कारण शपथ होती. मामांचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते घरी कसे येत, हे सांगताना मामांचा आवाज एकदम खाली जायचा. ते गेले तेव्हा आईने मामांच्या डोक्यावर हात ठेवून वदवून घेतलं होतं, की ह्या वस्तूला ओठ लावणार नाही. मामांनी ते अक्षरशः पाळलं, खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन घ्यायचे. आई म्हणजे आमच्या आजी, नव्वदीच्या घरात, मामांकडेच असायच्या. दिवसभर खाटेवर बसून तांदूळ निवडायच्या, आणि अजून मालवणीतच बोलायच्या.

आणि अशात बाटली आली! माझा मेव्हणा, म्हणजे मामांचा भाचा, जहाजावर इंजिनिअर होता. त्याने फ्रान्सच्या बंदरातून खुद्द वाडीची अर्धी बाटली आणली. अर्धी म्हणजे प्यायलेली नव्हे, आकारच तेवढा. मामांनी ती दोन्ही हातांत घेतली, उन्हात धरली, आतलं सोनेरी पाणी चमकलं. मग ती जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात गेली. तिथून पुढे मामांची झोप उडाली. "चमचाभर घेतली तर शपथ मोडते का हो?" हे त्यांनी मला विचारलं, ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही विचारलं. गुरुजी म्हणाले, "शपथ ज्यांनी घातली त्यांनाच विचारा." झालं! मामा रोज धीर करून आजींच्या खाटेपाशी जायचे, आणि "आज उकडतंय नाही?" असं म्हणून परत यायचे. दिवाळी आली, गेली. मामा रिटायर झाले. शेवटी एका रविवारी त्यांनी आम्हांला बोलावलं. "आज विचारणार. आई हो म्हणाली तर घेईन, नाही म्हणाली तर तुम्ही घ्या, मी वास घेईन."

आम्ही सगळे आजींच्या खाटेभोवती जमलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कपाट उघडलं, धोतर सोडलं. आत बाटली नाही.

"अगं, इथली बाटली?"

"ती होय?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती मी आईंना चालू केली."

"चालू केली?"

"मागे ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले द्राक्षासव द्या. तुम्हीच नाही का सांगत, द्राक्षांचं आहे, गोड आहे, लाकडात मुरवलंय, जितकं जुनं तितकं गुणकारी? म्हटलं, घरात परदेशी आसव असताना विकत कशाला आणायचं! लाटण्याने बूच आत ढकललं. दोन चमचे, तेवढंच पाणी, जेवणानंतर. आईंना किती मानवलंय बघा."

मानवलं होतं हे खरंच! आजींच्या गालांवर मी पहिल्यांदाच रंग पाहत होतो. मामींनी फडताळातून बाटली आणली, तळाशी एखादा चमचा उरला असेल. कोणाला हसू आवरेना, कोणाला वाईट वाटलं, मला तर दोन्ही एकदम. मामांना मात्र वेगळीच धास्ती. ज्या आईने शपथ घातली, तिलाच त्यांच्या घरात दारू पाजली गेली होती.

"आये," ते कसेबसे म्हणाले, "माफ कर. ता औषध नाय. ती दारू आसा."

आजींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "माका सांगतंस? ह्या वासाबरोबर संसार केलंय मी. पयल्याच चमच्याक कळला माका."

"मगे घेतलंस कित्याक?"

"गोड लागली म्हणान." आजी जराशा हसल्या, आणि मग हसू गेलं. "तुझ्या बापसाक असली मिळाली असती, तर गोड तोंडान तरी घराक इलो असतो."

आजींनी बाटली मागितली, तळातलं सगळं चमच्यात ओतलं. "मीच घातललंय शपत, मीच सोडवतंय. आ कर, झिला." आणि विमा कंपनीतून रिटायर झालेल्या, टक्कल पडलेल्या त्या माणसाने डोळे मिटून लहान पोरासारखा आ केला.

आजी त्यानंतर दोन-एक वर्षांनी गेल्या, शांतपणे, झोपेत. दिवस झाल्यावर मी आणि मामा गच्चीत बसलो होतो. इतके दिवस मनात होतं, ते मी विचारून टाकलं. "मामा, चव कशी होती हो?"

मामांनी पार्काच्या झाडांकडे पाहिलं.

"खारट," ते म्हणाले. "रडत होतो ना मी, जावईबापू. ओठांपर्यंत आलं होतं सगळं. आणखी एक चमचा असता, तर कळली असती."