देव्हाऱ्याचा कळस आणि माझा पंजा

देवकार्याला हात घालण्यापूर्वी ते पाण्याने शुद्ध करावेत, हा आचार मी आयुष्यभर निष्ठेने पाळला. केवळ एका दिवशी विसरलो असतो, तर आमच्या घराचे कल्याण झाले असते.

आमचा देव्हारा सागवानी. माझ्या श्वशुरांनी मेडशीला तो स्वहस्ते घडवला, लाखेचे पॉलिश फडक्याने घासघासून त्याला आरशासारखा उजाळा दिला आणि लेकीच्या पाठोपाठ एसटीच्या टपावरून मंगरूळपीरला पाठवला. श्वशुर गेले. त्यांच्या हातचे म्हणावे असे सौ. कमलजवळ तेवढेच उरले. त्या देव्हाऱ्याचा बोटभर कळस नवरात्राच्या तोंडावर पुसता पुसता तिच्या हातात आला.  तो पदराच्या टोकाला बांधून ती दिवसभर घरात वावरली. (ती पदराला गाठ मारते तेव्हा प्रकरण गंभीर असते, इतपत ज्ञान मला संसाराने दिले आहे.)

"सुताराले बलावा," संध्याकाळी ती म्हणाली. "तुमी हात नोका लावू."

आता, सुतार म्हणजे सरस, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा काढा! तो देवीच्या मस्तकी? (आजचे सुतार सरस फारसा वापरत नाहीत, हे मला नंतर कळले. या हकिगतीत पुष्कळ गोष्टी मला नंतरच कळल्या आहेत.) मी स्वतःच हार्डवेअरच्या दुकानी गेलो.

"सुपर ग्लू हवा. प्राणिज द्रव्य नसलेला."

दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले. "आजोबा, त्याच्यात कांदा-लसूनबी नाही! कायले लावाचा हाय?"

"पॉलिश केलेल्या सागवानी देव्हाऱ्याला."

"मंग हा घट्टवाला न्या, जागचा हालत नाही. पातळवाला पान्यावानी वाहते. पॉलिशवर गेला का पांढरा डाग पडते."

मी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. घट्ट तो धूसर, मंद, साक्षात तमोगुणी! पातळ मात्र गंगोदकासारखा नितळ.

"हाच द्या. सात्त्विक दिसतो."

"आजोबा, चिकटवाचं औषध हाय, तीर्थ नाही!" तो हसला. "न्या मंग. पन एकच थेंब. अन् हात..."

पुढचे ऐकण्यास मी थांबलो नाही. संस्कृत शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला हातांच्या शुचितेविषयी कोणी काय शिकवावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी कमल बाजारात गेली आणि मी सोवळे नेसलो. आचमन केले. हात धुतले. कळसावर आणि शिखरावर दर्भाने पाणी शिंपडले. डावा पंजा महिरपीला आधार देऊन उजव्या हाताने एक थेंब सोडला. तो फारच अल्प वाटला. देवाच्या ठायी कृपणता कशाला? अर्धी बाटली अर्पण केली!

हे द्रव्य ओलाव्याच्या स्पर्शाने तत्क्षणी आळते, हे (पुन्हा) मला नंतर कळले. कळस बसला, परंतु उन्हात डुलकी लागलेल्या कोंबड्यासारखा मान टाकून. उरलेला सात्त्विक ओघ शिखरावरून महिरपीवर उतरला आणि माझा ओला, शुद्ध, पवित्र पंजा जागच्या जागी सागवानाशी एकरूप झाला. अद्वैत मी अनेकांना समजावून सांगितले होते. अनुभवले त्या दिवशी!

घाईने वातींचा कापूस ओढून ओघळ टिपू लागलो, तो काय, कापूस तापला आणि त्यातून धूर निघू लागला! समई लावलेली नाही, उदबत्ती लावलेली नाही, आणि माझ्या चिमटीतून धूर! डोळे झोंबून अश्रू वाहू लागले. मी कापूस सोडू पाहिला. कापूस मला सोडीना.

नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या शांताबाई फुले मागायला आल्या. त्यांनी धूर पाहिला, अश्रू पाहिले, देव्हाऱ्यावर स्थिरावलेला हात पाहिला.

"अगो माय! गुरुजींले समाधी लागली!"

"शांताबाई, तसे काही नाही, माझा हात..."

"बोलू नोका, गुरुजी! देवीनं धरला तुमचा हात!"

पाहता पाहता गल्लीतल्या बाया जमल्या. एकीने पायाशी नारळ ठेवला. दुसरीने पदर पसरला, "गुरुजी, आमच्या पोरीचं लगन कदी जमन?"

"मला काय ठाऊक!" मी कळवळून ओरडलो.

"पाहा, देवी कशी रागावली!" म्हणत सगळ्यांनी लोटांगण घातले.

एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन कमल दारात उभी राहिली. तिने बाटली पाहिली, कळस पाहिला, मला पाहिले.

"चिकटले काय?"

मी होकारार्थी मान डोलावली. गर्दी ओसरली. (नारळवालीने नारळ परत नेला.)

शांताबाईंना मात्र माझी कणव आली. त्यांनी लेकीचे नेलपॉलिश काढण्याचे औषध आणले. "याच्यानं सुटते, गुरुजी." आणि सुटले! थोडी कातडी मागे ठेवून माझा हात सुटला. पण त्याबरोबर श्वशुरांचे पॉलिशही सुटले. आरशासारख्या महिरपीवर पाच बोटांचा फिकट, पांढुरका ठसा उरला.

कमलने त्यावरून हळूच हात फिरवला. "बाबा घासत होते, अन् मी फडकं भिजवून देत होती," एवढेच ती म्हणाली.

मी बाटलीला टोपण लावले.  दुकानदाराच्या तोंडातला तो अर्धवट राहिलेला 'हात' मात्र फार वेळ कानात घुमत राहिला.

नवरात्र सरण्यापूर्वीच कळस पुन्हा गळून पडला. त्या बाटलीने चिकटू नये ते सारे चिकटवले; कळस तेवढा वगळला! अखेर सुतार आला. त्याने कळस सरळ बसवला आणि ठशाकडे पाहत विचारले, "हा पंजा घासून काढू काय, ताई?"

मी आशेने कमलकडे पाहिले.

"राहू द्या," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "बाबाची झळाळी तं परत येत नाही. पन यायच्या ध्यानात राहीन."

तेव्हापासून रोज पूजेला बसतो. आतून देवीचा हात मला अभय देत असतो, आणि तिच्या डोक्यावरून माझाच पंजा, पाचही बोटे ताठ करून, सौभाग्यवतीच्या आवाजात बजावत असतो, "हात नोका लावू!"