आधी कोण ठेवणार

जेवणं झालीयत, सुनेनं ताटं उचललीयत, आणि मी जरा पाठ टेकवलीय. डोळे मिटतायत न मिटतायत तोच पायथ्याशी कुणीतरी येऊन बसतं. गादी दबते.

सालेम! ज्या परक्या देशात मी बारा वर्षं नर्स होते, तिथल्या आमच्या दवाखान्याचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर. तिथला हुकूमशहा पळाला आणि पुढच्याच वर्षी हा गोळी लागून गेला. डोळे मीच मिटवले त्याचे.

"काय सिस्टर मार्था, भरदिवसा झोपा काढताय?" चक्क मराठीत.

"अगं बाई! मेल्यावर बरी मराठी आली तुला. जिवंतपणी 'पाणी' म्हणताना जीभ वळत नव्हती."

तो हसतो. मला इतका आनंद होतो की रडूच फुटतं. मग त्याच्या खांद्यावरची बंदूक दिसते.

"ती ठेव आधी. आणि आज बाहेर पडायचं नाही. तू मरणार आहेस आज, मला ठाऊक आहे."

"मलाही," तो म्हणतो आणि चालू लागतो.

आम्ही वॉर्डातून चाललोय. भिंतीवर हुकूमशहाच्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन उरलाय. सालेमनं आणि एक्स-रेवाल्या इद्रिसनं मिळून उतरवला तो फोटो. त्या दिवशी आम्ही नाचलो होतो, सुटलो एकदाचे म्हणून. वॉर्डाचं दार ढकलते तर समोर आमच्या मिरजेची सतारमेकर गल्ली. दुकानांत सतारीचे भोपळे टांगलेत. गल्लीच्या मधोमध वाळूची पोती, आणि पलीकडे बंदूक घेऊन इद्रिस.

"अरे, तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात ना रे?"

"अजून जेवू की," इद्रिस म्हणतो. "त्यानं बंदूक ठेवू दे."

"ठेवतो. त्यानं ठेवली की," सालेम म्हणतो.

"मग भांडण कशाचं आहे, मेल्यांनो?"

सालेम डोकं खाजवतो. "भांडण नाही हो सिस्टर. पूर्वी आम्ही सगळे त्या एकालाच घाबरायचो. तो पळाला, शस्त्रांची कोठारं फुटली, घराघरात बंदूक गेली. आता मी ह्याला घाबरतो, हा मला."

"पोलीस आहेत ना?"

"कुठल्या मोहल्ल्याचे?" इद्रिस विचारतो.

माझं डोकं सणकतं. "मी आहे ना! मी तुमच्या कुठल्याच मोहल्ल्याची नाही. द्या इकडे दोन्ही."

सालेम खांद्यावरून आपली बंदूक उतरवतो आणि माझ्या हातात देतो. केवढी जड आहे, आणि तेलानं चिकट.

"ती तुम्ही जमिनीवर ठेवा," इद्रिस म्हणतो, "मग मी माझी देतो. आईशप्पथ."

एवढंच ना? मी वाकते. वाकताना दिसतं, भोपळ्यांच्या मागं माणसं दडलीयत. माड्यांवर, पत्र्यांवर, सगळीकडे बंदुकांच्या नळ्या. रिकाम्या हातांनी उभा सालेम एवढासा दिसतो. मी ही ठेवली आणि इद्रिसनं दिलीच नाही तर?

"ठेवा ना सिस्टर," इद्रिस म्हणतो.

"ठेवते रे बाबा, थांब."

बोटं उघडत नाहीत. देवाशप्पथ, मला ठेवायची आहे. मी जोर लावते, देवाला हाक मारते, आणि उलट नळी वर उठते, थेट इद्रिसच्या छातीवर. त्याचीही उठते.

"सिस्टर, हे काय करताय?" सालेम विचारतो.

"तू मरायला नकोस रे. एवढंच हवंय मला, दुसरं काही नको."

"मलाही माझ्या पोरांसाठी एवढंच हवं होतं," तो म्हणतो.

"आई! अहो आई!" सून एस्तेर मला गदागदा हलवतेय. चार वाजलेत, चहा झालाय. माझ्या मुठी इतक्या घट्ट की ती एकेक बोट धरून उघडते. तळव्यांवर काळं, चिकट काहीतरी माखलंय. ती वास घेते.

"हे मशीनचं तेल कुठून लावून घेतलंत?"

मी मोरीत बसते. साबण लावते, राख लावते, पुन्हा साबण लावते. निघत नाही.