मागच्या खांबाजवळची चटई

उएलेसे हा सवाई बेटावरचा वक्ता. हौशी नव्हे, घराण्याने मानाची पदवी दिलेला. लग्न असो की मयत, घराण्याच्या वतीने बोलायचं ते त्यानेच. वक्त्याची मानाची काठी हातात आली की त्याचा आवाज अख्ख्या मैदानाला पुरायचा. पण काही वर्षांपासून पोटाने त्याला पुरतं जेरीस आणलं होतं. पोट फुगायचं, पिळवटायचं, आणि कळ आली की संडास गाठेपर्यंत जिवात जीव नसायचा. भाषण अर्धवट टाकून पळणारा वक्ता कोणी पाहिलाय? त्याने काठी आढ्याला खोचली ती खोचलीच.

उपायांत मात्र त्याने कसर ठेवली नाही. वैदूबाईने तेलाने पोट चोळलं, पेरूच्या पानांचा काढा पाजला. मग दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या.

"जखम नाही, गाठ नाही. आतडं हळवं झालंय तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी सोंग करतोय?"

"छे हो! दुखणं खरंच आहे. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात ठेवता येईल."

कांदा-लसूण बंद, दूध बंद, पाकिटातल्या शेवया बंद. कळ थांबवायच्या गोळ्या, आणि रोज डोळे मिटून सावकाश श्वास. जरा बरं वाटायचं, तोच एखाद्या सकाळी पोट पुन्हा उलटायचं.

आणि समुद्रापलीकडे, उपोलू बेटावर, त्याच्या थोरल्या बहिणीची, मासिनाची, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. तिच्याकडे जायचं म्हणजे बस, मग बोट, मग पुन्हा बस. बस याच्या पोटासाठी थोडीच थांबणार! 'हे औषध लागू पडलं की जातो,' असं तो प्रत्येक औषधाला म्हणायचा.

"अहो, तिला सांगून तरी टाका," त्याची बायको फेताई म्हणायची.

"बहिणीला? हे? लाज आहे की नाही तुला?"

तेही खरंच. भावाने बहिणीसमोर असलं काही तोंडातून काढणं म्हणजे तिचा अपमान. वयात आल्यापासून दोघं एका चटईवरसुद्धा बसली नव्हती. मग मासिनाचा फोन आला की हा ठोकून द्यायचा, "ताई, अळकुड्यांची लावणी चाललीय."

"होऊ दे सावकाश," ती म्हणायची. "पाऊस बरा आहे ना तिकडे?"

गावकरी कसले सोडतात! "फार मोठी शेती हो तुमची. बहीण मरायला टेकली तरी लावणी उरकेना!" उएलेसे मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मासिना गेली. तेव्हा मात्र तो निघाला. आदल्या दिवसापासून अन्नाचा कण घेतला नाही, गोळ्या घेतल्या, बोटीत संडासाच्या दाराशीच बसला. आणि पोचला. धक्क्यावर उतरल्यावर त्याला रडू कोसळलं. येता येत होतं तर!

बहिणीच्या उघड्या, खांबांच्या घरात मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसले होते. वक्त्याचा मान पुढच्या खांबाचा. पण भाची तेलेसियाने त्याला नेलं ते पार मागे, वाढप्यांच्या बाजूला. उएलेसेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आलो नाही त्याचं उट्टं काढतेस होय गं?"

"मामा, आईनेच सांगून ठेवलंय."

तो धुसफुसत चटईवर बसला. मग सहज मागे वळला. पायरी उतरली की झावळ्यांचा आडोसा, आणि आडोशामागे नवा संडास. कोणाच्या नजरेस न पडता जाता येईल असा.

"हा कधी बांधला?"

"मागच्या नाताळात. मामीने आईला सगळं सांगितलं होतं. आई म्हणाली, त्याला कळू द्यायचं नाही, लाजेल तो. दर रविवारी जेवणाच्या वेळी तुमची चटई इथे घालायला लावायची. बिनकांद्याचा मासा काढून ठेवायची."

"मग मला म्हणाली का नाही? मी आलो असतो गं!"

"तुम्हाला? ती कशी म्हणणार, मामा?"

त्याची बोलायची पाळी आली. मध्येच त्याला उठावं लागलं, तेव्हा एकाही मानकऱ्याने मान वळवली नाही. परत येऊन त्याने भाषण पुढे चालू केलं. घराण्यांची नावं घेतली, पाहुण्यांचे आभार मानले. समोर मासिना बारीक विणीच्या चटयांखाली निजली होती. 'ताई, मी लावणी करत नव्हतो,' एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि ते तिच्यासमोर अजूनही त्याच्या तोंडून निघेना.