कोबी बघायला मालवणला

"मालवणला काय बघणार?" नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅव्हल्सची वाट बघताना शेजारच्या बाईंनी विचारलं.

"कोबी," मी म्हणाले. त्या जरा सरकूनच बसल्या.

खरं नाव गोबी. बोटाएवढा मासा. आमच्या ह्यांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ बघितला आणि घरभर दाखवत सुटले. सासूबाईंचा जन्म मळ्यात भाजी काढण्यात गेलेला, त्यांनी ऐकलं 'कोबी'. "कोबी पाण्यात ऱ्हातो व्हय? सडंल ना!" तेव्हापासून तो कोबीच. प्रवाळाच्या कडेला, वाळूतल्या बिळात राहतो. बीळ उकरते एक कोळंबी, तिला बिचारीला धड दिसत नाही. कोबी दारात पहारा करतो आणि कोळंबीची मिशी कायम त्याच्या अंगाला लागलेली. धोका दिसला की तो शेपूट हलवतो, आणि दोघंही आत.

माझा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. द्वारकेचा चौक मी लग्नापासून ह्यांच्या शर्टाचं टोक धरूनच ओलांडलाय. "चल गं कोळंबे," म्हणायचे. मालवणचं ठरलं होतं, बॅगा माळ्यावरून काढल्या होत्या. आणि हार्ट अटॅकने हे गेले. निदान शेपूट तरी हलवायची होती हो!

शेवटी लेक तेजू म्हणाली, "आपण दोघी जाऊ." कोल्हापूरपर्यंत ट्रॅव्हल्स, पुढे एसटी. फोंडा घाटाच्या आधी उलटीची गोळी घ्या, मी विसरले आणि भोगलं. किनाऱ्याजवळ घरगुती खोल्या मिळतात, हॉटेलपेक्षा स्वस्त. जेवणात सोलकढी फक्कड होती. पण ताटात कोळंबीचं कालवण आलं तेव्हा तेजूने वाटी बाजूला सरकवली.

सकाळी लवकर निघा, तेव्हा पाणी नितळ असतं. बोटीचे दर घासाघीस करूनच ठरवा. आमच्या बोटवाल्या मामांना मी मोबाइलवर मासा दाखवला.

"ह्यो तर खरबो!" ते हसले. "ह्येका बघूक नाशकाहून इलात?"

आणि बोटीत माझी फजिती झाली. पाण्यातल्या मास्कखाली चष्मा बसत नाही! नंबरवाल्यांनो, आधीच चौकशी करा, नंबरचे मास्कही असतात म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. इतक्या लांब येऊन आंधळी कोशिंबीर! मी तिथेच रडायला लागले.

"आई, मी बघते ना," तेजू म्हणाली. "तू माझा हात धर. तो दारात दिसला की एकदा दाबीन. आत पळाला की दोनदा."

पाण्यात नुसता हिरवट धूसर पसारा. खडक कुठला, वाळू कुठली, काही कळेना. मी तेजूचा हात धरून तरंगत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग तिने हात दाबला. एकदाच. मी डोळे फाडफाडून बघितलं, काही दिसलं नाही. पण मला माहीत होतं, तो तिथे होता. मग दोनदा दाबला.

वर आल्यावर तेजू धापा टाकत सांगू लागली. "वाळूच्याच रंगाचा गं! अंगावर तपकिरी पट्टे, गालावर निळे ठिपके, डोळे बेडकासारखे पार डोक्यावर. आणि तोंड पाडून बसलेला, अगदी..."

"बाबांसारखा," मी म्हणाले.

आम्ही रडत होतो तेव्हा मामा पाठ फिरवून उगाच दोर गुंडाळत बसले.

फोटो एकही नाही. तरी जाऊन या, आणि ज्याच्यासोबत जायचं त्याच्यासोबत आत्ताच जा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.

द्वारकेवर उतरलो. गाड्यांचा हा गोंगाट. माझा हात सवयीने पुढे गेला आणि तसाच राहिला. तेजूने वळून ओढणीचं टोक माझ्या मुठीत दिलं.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"दिसला का गं कोबी?"

"दिसला, आई."

"एकलाच व्हता?"

"नाही. कोळंबी होती त्याच्याजवळ."

"मंग बरं हाय," म्हणाल्या. आणि आम्ही दोघी सासू-सुना उंबऱ्यावरच बसून पोटभर रडलो.