शालिनीताईंचा डावा कान

समोरचा बोलत असताना शालिनीताई अंगठ्याने बोटांच्या पेरांवर त्याचे शब्द मोजत. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. "नमस्कार ताई, मी नार्व्याचा, इथल्या हायर सेकंडरीत कॉम्प्युटर शिकवायला लागलोय, तुमची मागची खोली रिकामी आहे असं पाववाला पोदेर म्हणाला, म्हणून विचारायला आलो होतो," असं सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी डावा कान माझ्याकडे करून ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "'खोली व्हयी' म्हण. बाकीचीं उतरां फुकट गेलीं."

उतरां म्हणजे शब्द. ते फुकट गेले की त्यांना खरोखर त्रास व्हायचा. पस्तीस वर्षं तार ऑफिसात काढलेली बाई ती. लोकांनी रडत रडत सांगितलेलं दुःख पाच-सहा शब्दांत बसवून पुढे पाठवायचं, हे आयुष्यभर केलेलं. पेडण्याच्या बाजारात भाजीवालीशीही त्या तशाच बोलत. "भेंडी. अर्धो. कवळी." भाजीवाली त्यांना घाबरून असे, पण कोवळी भेंडी तेवढी काढून ठेवायची.

गोव्यात भाषेचा वाद पेटला होता तेव्हा मराठीवाल्यांच्या आणि कोंकणीवाल्यांच्या, दोन्ही बाजूंच्या तारा दिल्लीला त्यांच्याच हातून गेल्या. तुम्ही कुठल्या बाजूच्या होतात, असं मी एकदा विचारलं. "दोगांच्योय तारो धाडल्यो. एक उतर बदलूंक ना." एवढंच उत्तर मिळालं, पण ते देताना त्यांची मान ताठ झाली होती.

तार बंद झाल्याची बातमी पेपरात आली त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला हाक मारून ओसरीवर बसवलं. त्यांचा उजवा कान केव्हाच गेला होता. डावा फार तर वर्षभर साथ देईल असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मास्तर, तुका कॉम्प्युटरातलें कळता. ती कडकट्ट अजून खंय वाजता? कान जावच्या आदीं माका एकदां आयकूंक व्हयी."

वाजते, हे मला माहीत होतं. जगभरचे हौशी रेडिओवाले अजून एकमेकांशी मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या त्याच आखूड-लांब ठोक्यांत, गप्पा मारतात. टीव्ही पाहण्यासाठी मिळणारं बोटाएवढं यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं, इंटरनेटवरचं मुक्त सॉफ्टवेअर त्यात घालायचं, की कॉम्प्युटरचाच रेडिओ होतो. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत हे ऐकून ताईंनी डोळे बारीक केले. "कोण दिता?" मी म्हटलं, ज्यांनी लिहिलं तेच देतात, ओळखदेख नसताना.  त्यावर ताई म्हणाल्या, "बरे मनीस."

मी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. माझा लॅपटॉप त्या यंत्राला टीव्हीच समजायचा. त्याची समजूत घालण्यात दोन रविवार गेले. शेवटी रेडिओ लागला तर त्यावर पणजीची गाणी. "हीं माका रेडियाचेर येतात," ताई म्हणाल्या. मोर्स ऐकायचं तर शॉर्टवेव्ह हवी, आणि त्यासाठी यंत्र उघडून आत तार जोडायला हवी. ती जोडताना मी ते यंत्र जाळलं. दुसरं मागवलं, ते यायला महिना लागला. मग शाळेने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यावर लिनक्स घातलं. तिथेही तेच, यंत्र जोडलं रे जोडलं की तो टीव्ही शोधायला धावायचा. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने माझ्या प्रश्नाला उत्तर पाठवलं तेव्हा कुठे तो वठणीवर आला. विहिरीपासून फणसापर्यंत आम्ही एरियल म्हणून तांब्याची तार ओढली, आणि मार्चमधल्या एका सकाळी, प्रचंड खरखरीच्या तळाशी, मला ती बारीक टिकटिक ऐकू आली.

यानंतर मी जे केलं ते आजही मला छळतं. ताई तेव्हा शेजारीच गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत मी कॉम्प्युटर बंद केला. ही खरखर या डबड्याचीच आहे, पत्त्यांच्या डबीएवढा एक नवा छोटा कॉम्प्युटर मिळतो, त्यावर आवाज कसा स्वच्छ येईल, हे माझ्या डोक्यात घुसलं होतं. ताईंना मी तसं सांगितलं.

"चलता न्हय? मगे तसोच दी. खरखरीची माका सवय आसा."

"चार दिवस थांबा ताई. एकदम झकास ऐकवतो."

त्यांनी बोटांवर काही मोजलं नाही. फक्त मान हलवली.

चार दिवसांत परीक्षा आल्या. मग पेपर तपासणी, मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. छोटा कॉम्प्युटर आला, त्यावर कुठली सॉफ्टवेअरं नीट चालतात हे पाहण्यात मी रमलो. एक घालायचं, पुसायचं, दुसरं घालायचं. खोलीत बसून मी एकटाच ऐकत होतो आणि खूश होत होतो. हौस माझी होती आणि निकड त्यांची, हे मला त्या वेळी दिसलंच नाही.

जूनमध्ये मी तो पडद्यासकट त्यांच्या टेबलावर मांडला. आवाज खरंच स्वच्छ होता, प्रत्येक टिंब सुटं वाजत होतं. ताई डावा कान पुढे करून, डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चालू कर."

तो चालूच होता.

मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून पाहू लागला. ताईंनी डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं आणि त्यांना कळलं. गेले पंधरा दिवस मी सांगितलेलं त्या दोनदा विचारत होत्या, हे मला तेव्हा आठवलं. मी मान खाली घातली. मला रडू आवरत नव्हतं.

 ताईंची नजर पडद्यावर गेली होती. या सॉफ्टवेअरमध्ये येणारा आवाज पडद्यावर उमटतोही. निळ्या पटावर पिवळ्या खुणा वरून खाली सरकत राहतात. तिथे एक आखूड रेघ, एक लांब, पुन्हा दोन आखूड अशा उतरत होत्या. ताई भुवया आवळून पाहत राहिल्या. "कानाचें काम दोळ्यांक जमना," असं पुटपुटल्या. मग त्यांचं बोट टेबलावर हललं. रेघ दिसेल तसं त्या टेबलावर ठोकू लागल्या, आखूड, लांब, आखूड. डोळ्यांना न कळलेलं बोटाला कळलं. दुसऱ्या हाताने त्यांनी पेन्सिल मागितली आणि माझ्या वहीच्या पाठीवर रोमन लिपीत अक्षरं लिहिली. चेन्नईचा कुणीतरी माणूस दुसऱ्या कुणाला सांगत होता की आमच्याकडे अजून पाऊस नाही.

पुढची तीन वर्षं रोज सकाळी चहा घेऊन त्या पडद्यासमोर बसत. माणसं त्यांना रेघांवरून ओळखू येऊ लागली. "हो लांब रेग ओडता. म्हातारो जाला." "हिचो हात बरो." पण हे यंत्र फक्त घेणारं, पाठवणारं नव्हे. पस्तीस वर्षं पाठवत आलेली ती बाई रोज समोर बसायची आणि कुणाला एक शब्द सांगू शकायची नाही. कधी कधी त्यांचं बोट टेबलावर उत्तर देत असे. ते मला पाहवायचं नाही.

एव्हाना मीही त्यांच्याकडून मोर्स शिकलो होतो. कागद-पेन्सिलीपेक्षा त्यांच्या तळहातावर बोटाने ठोकलेलं त्यांना आवडायचं. शेवटच्या आजारात त्या म्हापशाला इस्पितळात होत्या. दृष्टीही अंधुक झाली होती. मी खाटेशी बसलो आणि तीन वर्षं जे ओठांवर येऊन परत जात होतं ते त्यांच्या तळहातावर ठोकलं. दोनदा चुकलो. ताई, माझ्याकडून उशीर झाला, मला माफ करा.

त्यांचा अंगठा पेरांवरून सावकाश फिरला.

"'उशीर जालो' पुरो," त्या म्हणाल्या. "शेवटचीं तीन उतरां फुकट गेलीं."

आणि माझं बोट त्यांनी मुठीत धरून ठेवलं. वाळपईहून त्यांचा भाचा येईपर्यंत सोडलं नाही.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. तो छोटा कॉम्प्युटर भाच्याने मला देऊन टाकला. सकाळी चहा घेऊन मी त्याच्यासमोर बसतो, दिसेल ते टेबलावर ठोकून वाचतो. निम्मी अक्षरं अजून सुटतात. कान शाबूत आहेत, पण आवाज मी बंद ठेवतो.