शर्टात पांढरा झालेला कापूस

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ज्याला स्वतः लावलेली सायकल सापडत नाही, त्याला भूत कुठून सापडणार... तरी हे लिहितोय.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मलकापूरजवळच्या एका कपाशी बियाणे केंद्रावर मी हंगामी नोकर होतो. वेगळ्या जातीचं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, एवढंच काम. त्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. प्लॉट पास झाला तर मी कायम, नाहीतर घरी.

आणि सकाळीच वेचणीच्या शेवंताबाईंनी हाक मारली, "भाऊ, इकडं या बरं. हे काय होऊन राह्यलं?"

एका झाडाची सगळी बोंडं खाकी! पोलिसाच्या चड्डीसारखी.

"उपटा न आता."

"अन् साहेबाले ताजा खड्डा दिसला त? म्हनतीन, आजवर काय केलं?"

"मंग?"

मंग मी डोकं चालवलं — तेच चुकलं. झाड ठेवलं, कापूस तेवढा वेचून शर्टात कोंबला. तोवर जीप फाटकात.

साहेब माझ्यापाशीच थांबले. "पोट कधी सुटलं? काढा बाहेर."

मी डोळे मिटून मूठ पुढे केली.

"सरकारी कापूस चोरता?"

डोळे उघडले... पांढराशुभ्र! उरलेला काढला, तोही पांढरा. चोर ठरण्यापेक्षा खरं बोललेलं बरं, म्हणून म्हटलं, "साहेब, हा खाकी होता."

"हाव साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "भाऊ लबाड हायेत, पण म्या बी पाह्यला."

साहेबांनी दोघांकडे नीट पाहिलं. "ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

प्लॉट पास झाला. मीही कायम झालो — गोदामात. रंग ओळखायच्या कामावर पुन्हा कधी पाठवलं नाही.

परवा नातीला हे सांगितलं. ती जनुकांवर संशोधन करते. लगेच लॅपटॉपवर कपाशीच्या जनुकांची वेबसाइट उघडली. रंगाची जनुकं कुठली, ती कधी चालू होतात, कधी बंद — सगळं पट्ट्यापट्ट्यांत.

"आजोबा, बोंड वाढताना रंगाचं जनुक बंद पडू शकतं. पण उमललेला धागा वाळलेला, मेलेला असतो. त्यात काय बंद होणार?"

"घामानं गेला असेल रंग."

"खाकी कापूस धुतला तर उलट गडद होतो." मग एकदम सरसावून बसली. "सरकी ठेवलीत ना? तपासून बघते."

सरकी... कापूस पांढरा बघून ती मी कापसासकट बियाण्याच्या ढिगातच टाकली होती. तिथून अमडापूरला गेली की जळगाव जामोदला, देव जाणे. नातीनं कपाळाला हात लावला.

तिकडं कुणाच्या वावरात खाकी बोंड निघाल्याचं आठवत असेल, तर जरूर कळवा. मला अजून उलगडा झालेला नाही, आणि नातीच्या वेबसाइटलाही.